अल्बिनाची जागा

१

संध्याकाळी किनारा बंद करायची घंटा झाली, बायका सामान आवरून गेल्या, आणि भिंतीच्या टोकाशी एक टॉवेल तसाच उरला. टॉवेलवर घडी घातलेला निळा फ्रॉक, फ्रॉकवर चष्मा, कडेला कापडी पिशवी आणि पिशवीला टेकवून ठेवलेल्या रबरी चपला. त्यांची मालकीण कुठेच नव्हती. आम्ही न्हाणीघरं पाहिली, संडास पाहिले, हाका मारून घसे बसवले. समुद्र शांत होता आणि त्यात कुणी नव्हतं.

आमच्या त्रिएस्तेत या किनाऱ्यावर मधोमध पांढरी उंच भिंत आहे, ती थेट पाण्यात उतरते. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. बाहेरचे लोक हसतात. भिंत पाडायची गोष्ट कुणी काढली की मात्र आमच्या बायकाच त्याच्या अंगावर जातात. भिंतीच्या अलीकडे पोट आत ओढून धरावं लागत नाही, आणि नवऱ्याचं जेवण झालं का हेही कुणी विचारत नाही.

मी ओंदिना फुर्लान. सगळं आयुष्य पोलीसखात्यात गेलं. लग्न राहून गेलं, मग भाऊ गेला, मग नोकरी संपली. घरी वाट पाहणारं कुणी नाही म्हणून उन्हाळाभर मी इथे येऊन पडते. माझी जागा नळांजवळ, जिथे सगळ्यांचं खारट पाणी अंगावर उडतं. नंतर आलेल्यांना तीच मिळते.

फाटकाबाहेर एक म्हातारा उभा होता. हातावर बायकांचं लोकरी जाकीट. गेरवाल्ड पिख्लर आणि त्याची बायको रोस्विता, ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या एका खेड्यातले. वर्षानुवर्षं दर सप्टेंबरात हे जोडपं आमच्या गावी यायचं, त्याच लॉजवर उतरायचं. सकाळी फाटकाशी दोघं वेगळी व्हायची, संध्याकाळी फाटकाशीच भेटायची.

"बाई," तो मला जर्मनमध्ये म्हणाला, "माझी बायको अजून बाहेर आली नाही. तिला आता थंडी वाजत असेल."

दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी सकाळभर समुद्र धुंडाळला. काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी देग्रासीचा मला फोन आला. देग्रासी एकेकाळी माझ्या हाताखाली होता, आता त्याच खुर्चीत बसतो.

"मॅडम, जरा येता का? म्हातारा खोटं बोलतोय."

२

आम्ही ठाण्यासमोरच्या बारमध्ये उभ्या उभ्या कॉफी घेतली. देग्रासीने दाढी केली नव्हती.

"तुम्हाला जर्मन येतं, आणि तुम्ही त्या किनाऱ्यावर असता," तो म्हणाला. "म्हणून सांगतोय. नाहीतर वरचे मला खातील."

"आडवळणं नकोत. काय खोटं बोलला?"

"रोज दुपारी तो पोहत भिंतीच्या टोकाला जायचा. तीही आपल्या बाजूने यायची. पाण्यातच दोन शब्द बोलायचे आणि परत. परवा मात्र तो तिथे तिच्या नावाने ओरडत होता, पुरुषांच्या बाजूला चौघांनी ऐकलं. ती आलीच नाही, असं त्याचं म्हणणं. ती आली, भांडण झालं आणि त्याने तिला खाली दाबलं, असं आमच्या सरकारी वकीलबाईंचं म्हणणं."

"हे झालं वकीलबाईंचं. खोटं कुठलं?"

"लॉजवरच्या खोलीतलं तिचं सगळं सामान जागच्या जागी आहे, असं त्याने लिहून दिलं. खोली झाडणारी बाई सांगते, तसं नाहीये. पलंगाशी तिच्या आईचा चौकटीतला फोटो असायचा. तो नाही. थायरॉइडच्या गोळ्यांचा डबा नाही. पोहायला जाणारी बाई आईचा फोटो कशाला नेईल? यानेच ते काढून टाकलं. कशासाठी, ते अजून कळत नाही."

मला त्या रबरी चपला आठवत होत्या.

"देग्रासी, तू आमच्या किनाऱ्यावर कधी अनवाणी पाण्यात उतरलायस?"

"वेडा आहे का मी? सगळे दगडगोटे. पाय सोलून निघतात."

"मग तिच्या चपला टॉवेलपाशी कशा?"

त्याने साखर ढवळायचं थांबवलं. मग खांदे उडवले. "परदेशी बाई. बेफिकीर असतात."

"ती दरवर्षी येते. गेल्या आठवड्यात मी तिला चपला घालूनच उतरताना पाहिलंय. ती बाई पाण्यात गेलेलीच नाही."

"मग कुठे गेली? बायकांचं फाटक एकच आहे आणि तिथला तिकीटवाला दुइलिओ शपथेवर सांगतो, ती बाहेर पडली नाही. मॅडम, चपलांना साक्षीला उभं करू का मी? उद्या सकाळी वकीलबाई निर्णय घेणार. म्हाताऱ्याची रवानगी थेट तुरुंगात. या वयात तो तिथून बाहेर येणार नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं, दोनदा "हो" म्हणाला आणि माझ्याकडे बघत फोन खिशात टाकला.

"सुटला प्रश्न. त्याने कबूल केलं. म्हणतोय, मीच तिला मारलं."

३

मी आयुष्यात बरेच कबुलीजबाब ऐकलेत. मार खाऊन दिलेले, दारू पिऊन दिलेले, मुलाला वाचवायला बापाने दिलेले. पण पाण्यात न उतरलेल्या बाईला पाण्यात बुडवल्याची कबुली मला नवीन होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी तशीच बस पकडून किनाऱ्यावर गेले.

दुइलिओ फाटकावरच्या खोपटात मासे तळून घातलेला पाव खात बसला होता. माझ्याकडे न बघताच त्याने तिकीट पुढे सरकवलं.

"पोहायला नाही आले. परवा दुपारी बायकांच्या फाटकातून कोण कोण लवकर गेलं, ते सांग."

"सांगितलंय पोलिसांना. ऑस्ट्रियन बाई गेली नाही."

"तिचं नाही विचारलं. कोण गेलं?"

त्याने घास गिळला. "एक बाळंतीण गेली, बाळाची गाडी घेऊन. दोघी शाळामास्तरणी गेल्या. आणि आपली अल्बिना गेली. बस."

"अल्बिना? नक्की?"

"तिचा तो हिरवा झगा आणि गवताची अवाढव्य टोपी. दुसरी कुणी असली टोपी घालून रस्त्यावर फिरेल का?"

"चेहरा पाहिलास?"

तो जरा दुखावला. "सिन्योरा, मी या फाटकावर बसून म्हातारा झालो. बायका आत-बाहेर करताना मी मान वर करत नाही. झगा बघतो, टोपी बघतो, चालू द्या म्हणतो. मान वर करणाऱ्या माणसाला तुम्ही बायकांनी इथे एक उन्हाळा तरी टिकू दिलं असतं का?"

ते खरं होतं.

आत भिंतीच्या सावलीत नेहमीच्या बायका आपापल्या जागी पसरल्या होत्या. त्यांच्यात मिरेला बोलण्यात पुढे. केस जांभळट रंगवलेले, मांडीवर शब्दकोडं. तिची जागा टोकापासून दुसरी. टोकाची जागा अल्बिना सान्चिनची. तिथे दुपारभर सावली असते आणि वारा लागतो. ती तिच्या आईची होती, आईनंतर तिची झाली. आज तिथे कुणी नव्हतं.

"मिरेला, अल्बिना कशी आहे गं?"

"घरी पडलीय. कंबर धरलीय तिची. आठवडाभर आली नाही बिचारी."

"परवासुद्धा नाही?"

"म्हटलं ना, आठवडाभर."

"आणि ती ऑस्ट्रियन बाई तुझ्या शेजारीच होती. किती वाजता उठली, कुणाशी बोलली, काही?"

मिरेलाने कोड्यातून डोळे वर केले नाहीत. "माझं लक्ष नव्हतं. मी काय तिची राखण करत होते?"

बाकीच्यांना विचारलं. एकीची झोप लागली होती, एक तेल चोळत होती, एक म्हणाली ऊन डोळ्यांवर होतं. सगळ्या मूग गिळून बसल्या. ज्या बायका शेजारणीने कुठल्या दुकानातून टोमॅटो आणले ते सांगू शकतात, त्यांचं एकदम कुणाकडेच लक्ष नव्हतं. मला वाईट वाटलं. इतके उन्हाळे मी यांच्यात काढले, आणि मला बघून अजून यांची तोंडं मिटतात.

तेवढ्यात दोन तरुण मुली आल्या, पाठीवर सॅका, नाकावर उन्हाचे पापुद्रे. बोलीवरून डच असाव्यात. टोकाची रिकामी सावली बघून त्यांनी तिथे टॉवेल टाकला.

"ए, ए," मिरेलाने कोडं बाजूला टाकलं. "उठा तिथून. ती जागा घेतलेलीय."

"पण इथे कुणी नाहीये," मुलगी इंग्रजीत म्हणाली.

"कुणी नसू दे नाहीतर असू दे. अल्बिनाची आहे ती. तिकडे नळापाशी जा."

मगाशी जिची झोप लागली होती तीही कोपरावर उठून बसली. तेलवालीने टॉवेल उचलून मुलीच्या हातात दिला. मुली बावरून गेल्या. दोन मिनिटांत जागा पुन्हा रिकामी झाली आणि मिरेलाने समाधानाने पेन्सिल उचलली.

मी तिच्यासमोर गोट्यांवर बसले.

"मिरेला, परवा त्या ऑस्ट्रियन बाईचा टॉवेल याच जागेवर होता. सकाळपासून. तिला का नाही उठवलंत?"

पेन्सिल थांबली. भिंतीपासून नळापर्यंत सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

४

सान जाकोमोच्या चढावर अल्बिनाचं घर, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार तिनेच उघडलं, काठी टेकत. कंबर खरोखरच धरली होती.

"तू कशाला आलीस?" ती म्हणाली.

"आत ये तरी म्हण."

"म्हणावंच लागेल. पोलीस तू."

"निवृत्त झालेय गं."

"पगार निवृत्त झाला. खोड कुठे निवृत्त झाली?"

स्वयंपाकघरात टेबलाशी एक फिकट केसांची बाई बटाटे सोलत होती. दाराच्या खुंटीला हिरवा झगा, त्यावर गवताची टोपी. मला बघून बाईच्या हातातली सुरी थांबली.

"पिख्लरबाई," मी जर्मनमध्ये म्हटलं, "घाबरू नका. मी तुम्हाला न्यायला नाही आले."

अल्बिना खुर्चीत बसली. "मिरेलाने सांगितलं?"

"मिरेलाने ताकास तूर लागू दिली नाही. पण परवा तुझी जागा यांना मिळाली आणि एकीनेही यांना उठवलं नाही. तुझ्या परवानगीशिवाय तिथे मांजरसुद्धा बसू शकत नाही, अल्बिना. म्हणजे तुला ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक होतं. तुझा झगा-टोपी मिरेलाने पिशवीतून आत नेली. यांनी ती चढवली आणि दुइलिओच्या नाकासमोरून निघून गेल्या. तो झग्याला ओळखतो, माणसाला नाही. मागे मिरेलाने कपड्यांची घडी घातली. आपण रोज लावतो तशा चपलाही लावून ठेवल्या. त्या तिने आपल्या पिशवीत टाकायला हव्या होत्या."

"मिरेला ना, फार नीटनेटकी," अल्बिना पुटपुटली.

"मला का नाही सांगितलंत?"

तिने काठी खुर्चीला टेकवली. "तू प्रश्न विचारले असतेस, ओंदिना. आम्ही एकही विचारला नाही."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण ते गिळायला वेळ नव्हता.

"तो मारायचा का तुम्हाला?" मी रोस्विताला विचारलं.

"गेरवाल्ड? छे." तिने बटाटा पाण्यात टाकला. "खानावळीत मला काय हवं ते तो सांगतो. डॉक्टरने विचारलं की मला कुठे दुखतं ते तो सांगतो. थंडी वाजली की नाही हेसुद्धा. चांगला माणूस आहे, सगळे म्हणतात. गावी मी दिवसच्या दिवस तोंड उघडत नाही, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तीन आठवडे, त्या भिंतीच्या अलीकडे, मी बोलायचे. या बायका मोडकंतोडकं जर्मन बोलतात, मी मोडकंतोडकं इटालियन. या वर्षी मी म्हटलं, मला परत नाही जायचं. अल्बिना म्हणाली, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे."

"आणि मला कंबरेमुळे भाजी आणवत नाही," अल्बिना म्हणाली. "उपकार नाहीयेत काही."

"आता ऐका. त्याने कबूल केलंय की त्याने तुम्हाला मारलं. उद्या सकाळी त्याला तुरुंगात पाठवतील."

रोस्विता हसली. खरंच हसली. "मला? तो मासासुद्धा मारत नाही हो. गळाला लावतो आणि मारायला माझ्या हातात देतो." मग तिचं हसू गेलं. "पण तो असं का म्हणेल? त्याला तर माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बुडाल्याचं नाटक ही यांची कल्पना. लोकांना वाटू दे बुडाली, म्हणजे कुणी शोधायला येणार नाही. पण मी मेले समजून त्याने रडावं हे मला पटेना. आईचा फोटो मी घेतला आणि त्या जागी माझी लग्नाची अंगठी ठेवली. त्याच्या उशीसमोरच. ती कधी माझ्या बोटातून निघालेली नाही. बघताक्षणी कळलं असणार त्याला."

लॉजच्या खोलीची पोलिसांनी केलेली झडती मला देग्रासीने तोंडी सांगितली होती. अंगठीचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी, जाकीट हातावर घेऊन लॉजवर परतलेल्या त्या म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं. त्याने अंगठी लपवली, सामान जागच्या जागी आहे म्हणून लिहून दिलं आणि मग खुनाची कबुली दिली.

"मला परत पाठवतील?" रोस्विताने विचारलं.

"कुणीही नाही पाठवू शकत. तुम्ही सज्ञान आहात. माझ्याबरोबर ठाण्यात यायचं, मी जिवंत आहे, माझ्या मर्जीने गेले, नवऱ्याला पत्ता देऊ नका, असं सांगायचं. त्यांना ते पाळावंच लागतं. पण हे तुम्हालाच बोलावं लागेल. तुमच्या वतीने मी बोलणार नाही."

तिने हातातला अर्धा राहिलेला बटाटा पूर्ण सोलला, सुरी धुऊन ठेवली आणि अल्बिनाकडे पायात घालायला बूट मागितले.

५

ती ठाण्यात बोलली. आधी आवाज फुटेना, मग थांबेना. देग्रासी तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, चार कडक शब्द सुनावले आणि कागद बंद केले. मागच्या दाराने अल्बिनाचा भाचा रोस्विताला घेऊन गेला. पुढच्या दाराने त्यांनी पिख्लरला सोडलं. तुमची बायको सुखरूप आहे, कुठे आहे ते आम्ही सांगणार नाही, एवढंच त्याला सांगण्यात आलं.

एका निरपराध माणसाला तुरुंगातून वाचवल्याचा मला आनंद झाला होता. हे सांगायला हवं, कारण तो फार टिकला नाही.

स्टेशनावर तो मला भेटला. मीच गेले होते, त्याला गाडीत बसवून द्यायला दुसरं कुणी नव्हतं. दोन सुटकेसा शेजारी ठेवून तो बाकावर बसला होता.

"तुम्हीच शोधून काढलंत, असं ऐकलं," तो म्हणाला.

"हो."

"हुशार आहात."

मी त्याच्या शेजारी बसले. "पिख्लर, तुम्हाला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. अंगठी कुठे आहे?"

त्याने सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला, काढून मात्र दाखवली नाही.

"मग कबुली का दिलीत? जन्मठेप झाली असती."

तो बराच वेळ समोरच्या रुळांकडे बघत राहिला. त्याच्या वतीने मी काही बोलले नाही, तेवढं मी त्या दोन दिवसांत शिकले होते.

"तो तुमचा साहेब विचारत होता, बायकोला का मारलंत?" तो म्हणाला. "पुन्हा पुन्हा तेच. आणि मला एकदम बरं वाटलं, बाई. त्याच्या लेखी ती मेली होती. त्याच्या लेखी मला कुणी सोडून गेलं नव्हतं. मी म्हटलं, हो, मारलं. त्या खोलीत मी निदान विधुर तरी होतो."

फलाटावर ऑस्ट्रियाकडे जाणारी फिल्लाखची गाडी लागली. मी एक सुटकेस उचलली, त्याने दुसरी. डब्याच्या पायरीवर चढून तो वळला.

"एक विचारू? तुम्ही कायद्यातल्या आहात म्हणून. गावी गेलो की पोस्टातली बाई विचारेल, पाद्री विचारतील, शेजारीपाजारी येतील. ती बुडाली, असं मी सांगितलं तर चालेल का? म्हणजे, गुन्हा होईल का?"

आयुष्यभर मी लोकांचं खोटं पकडत आले. कुणी आधी परवानगी मागायला आलं नव्हतं.

"सांगा," मी म्हटलं. "कायदा तुमच्या गावात गप्पा ऐकायला येत नाही."

त्याने टोपी काढून मला नमस्कार केला आणि आत गेला. खिडकीतून त्याने पुन्हा पाहिलं नाही. गाडी निघून गेल्यावर मी तिथेच उभी राहिले आणि मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला, खरं सांगते. मी उद्या नाहीशी झाले तर माझ्याबद्दल खोटं सांगायची वेळ कुणावरच येणार नाही.